दुसरं रीळ

“इथे आवाज गेलाय ना हो, काका?” टीव्ही केंद्राच्या जुन्या टेपांचा संग्रह सांभाळणाऱ्या बाईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता समोरच्या कागदावर वेळ टिपायला सुरुवात केली. साधा प्रश्न. दिवसातून वीस वेळा ती स्वतःलाच तो विचारत असेल. पण शेजारच्या खुर्चीत बसलेला म्हातारा संकलक दचकला, जिना संपला तरी अजून एक पायरी आहे अशा भरवशाने पाय टाकल्यावर दचकावं तसा. पडद्यावर एक नावाडी बसला होता. काळंपांढरं चित्र, वरच्या कोपऱ्यात थरथरणारी एक रेघ, मागे नदी आणि नदीवर नवाकोरा पूल. मुलाखत घेणाऱ्याने आत्ताच त्याला विचारलं होतं, “पूल झाल्यावर तुम्ही दिवसभर काय करता?” आणि नावाडी गप्प होता. संकलकाला मोजायची गरज नव्हती. अकरा सेकंद तो गप्प राहणार होता, आणि मग म्हणणार होता, “काही नाही.” आवाज कुठेही गेला नव्हता. ती शांतता होती. जगात ती आपोआप झालेली नव्हती, संकलकाने स्वतःच्या हाताने ती केली होती, आणि एक्केचाळीस वर्षं तो तिच्यावर जगला होता. “काही नाही,” पडद्यावरचा नावाडी म्हणाला. “आला परत,” बाई म्हणाली आणि कागदावर तिने लिहिलं: आवाज नाही, अकरा सेकंद.

तो तिला काय सांगणार? बाई, हा बिघाड नाही, ही कला आहे? जी गोष्ट कला आहे हे कानाशी लागून सांगावं लागतं, तिचं काय करायचं असतं हे त्यानेच हाताखालच्या पोरापोरींना आयुष्यभर शिकवलं होतं: कापायचं. केंद्रात त्याला नावाने कोणी हाकच मारत नसे, सगळे ‘कात्री’ म्हणत. कात्री, जरा बघ. कात्री, दोन मिनिटं जास्त झाली, उडव. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी काल या बाईने फोनवर विचारलं होतं, “कात्रीकाका का?” बाई पस्तिशीची, हसऱ्या तोंडाची, कामाला वाघ. तिने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. जुन्या जाड टेपांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत, कोणती टेप कशाची ते ओळखायला कोणी जुनं माणूस हवं आहे. त्या टेपा वाचणारं एकच यंत्र शिल्लक आहे आणि त्याचाही जीव आता किती दिवस तग धरेल सांगता येत नाही. म्हणून सगळ्याच टेपांची नवी प्रत काढता येणार नाही. ज्यात दहा सेकंदांहून जास्त बिघाड असेल, ती टेप बाद, लाल पेटीत. लाल पेटी दाराशीच ठेवलेली होती. आत शिरताना तो तिला अडखळलाही होता, आणि बाई म्हणाली होती, “सांभाळून हं काका, मेलेल्यांना लाथ लागते.”

त्या दिवसांत काम कसं चालायचं हे आज कोणाला सांगितलं तर थाप वाटेल. अर्ध्या तासाचा कार्यक्रम टेपच्या दोन रिळांवर असे आणि वेळ इतकी कमी असे, की पहिलं रीळ लोकांच्या घरात दिसत असताना दुसरं अजून संकलनाच्या खोलीत चिरफाड होत पडलेलं असायचं. पंगत बसली, पहिला घास तोंडात गेला, आणि आत अजून चूल फुंकतायत, अशी गत. पण त्याचीही एक नशा होती. नावाड्याचा कार्यक्रम साडेसातचा. मूळ चित्रणात नावाडी जवळजवळ मिनिटभर गप्प बसला होता. निर्माता म्हणाला, “कात्री, हे सगळं काढ, लोकांना वाटेल टीव्हीचा संच बिघडला.” संकलक म्हणाला, “लोकांना काय वाटतं ते लोकांना ठरवू दे.” त्याने दुसऱ्या रिळातली ती शांतता आधी नऊ सेकंदांची केली. नऊमध्ये नावाडी विचार करतोय असं वाटत होतं. तेराची केली. तेरामध्ये तो झोपलाय असं वाटत होतं. एकेक प्रयत्न म्हणजे टेप मागे न्या, दोन यंत्रं जुळवा, पुन्हा पुढे आणा, तीन-चार मिनिटं सहज जात. आणि मग अकरा. अकरामध्ये त्याला वाटलं, या माणसाची नदीच कोणीतरी उचलून नेली आहे आणि तो तिच्या जागेकडे बघतो आहे. अंगावर काटा आला होता त्याच्या. देवाची शपथ, आला होता.

फोन आला सात वाजून पाच मिनिटांनी, दारावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत. शेजारच्या वहिनी बोलत होत्या. “भाऊजी, दवाखान्यातून बोलतेय. लगेच निघा. सकाळसारखं नाही आता. डॉक्टर तुम्हाला बोलावतायत.” दोन दिवसांच्या तापाने बायकोला दाखल केलं होतं. सकाळी ती उठून बसली होती, लेकीची वेणी घातली होती, त्याला म्हणाली होती, “जा तुम्ही, अहो, इथे बसून माझ्याकडे बघून ताप थोडाच उतरणार आहे?” दवाखाना वीस मिनिटांवर. तो फोनवर म्हणाला, “अर्ध्या तासात निघतो वहिनी, रीळ माझ्या हातात आहे.” मग आयुष्यभर तो हेच वाक्य म्हणत आला. रीळ माझ्या हातात होतं. सासऱ्यांना म्हणाला, बहिणीला म्हणाला, लेक मोठी झाल्यावर एकदा तिलाही म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. हातात रीळ असलेल्या माणसाला कोण काय बोलणार? मात्र एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती, आणि ती या थंडगार खोलीत, यंत्राच्या घरघरीत, आज पहिल्यांदाच त्याच्यासमोर येऊन बसली. रीळ त्याच्या हातून सुटलं होतं सात चाळीसला. तो मोकळा होता. अंगात कोटसुद्धा चढवला होता. आणि तरी तो प्रक्षेपणाच्या खोलीच्या काचेपाशी उभा राहिला, सात पन्नासपर्यंत, ते अकरा सेकंद जाताना बघायला. लाखो घरांत एकाच वेळी माणसं गप्प झाली असतील, एवढं एकदा मनाशी अनुभवायला. तो दवाखान्यात पोचला आठ वाजून दहा मिनिटांनी. ती आठच्या आधीच गेली होती.

“पुढे चालवू?” बाईने विचारलं. तो म्हणाला, “चालवा.” नावाडी पुन्हा बोलू लागला. काय बोलत होता तो! वल्ह्याचं लाकूड कुठून आणायचे, ते कसं तापवायचे, मग पुन्हा वल्ह्याचं लाकूड. मुलाखत घेणारा मध्येमध्ये “अच्छा, अच्छा” करत होता. मागे नदी नुसती पडून होती. संकलकाने आठवणीत हा कार्यक्रम हजार वेळा पाहिला होता आणि आठवणीत तो भरल्या घागरीसारखा होता. समोर दिसत होता तो मात्र एक अवघडलेला म्हातारा, ज्याला कॅमेरा चालू आहे की बंद पडलाय हेच कळत नव्हतं. मघाच्या अकरा सेकंदांतही तेच होतं. हरवलेली नदी नव्हती, दुःख नव्हतं. ‘झालं का यांचं?’ एवढंच त्या डोळ्यांत होतं. संकलकाला जांभई आली. त्याने ती दाबली, दुसरी आली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपलं बोट यंत्राच्या बटणावर गेलं आहे, चित्र भरभर पुढे पळतं आहे, नावाडी मूकपटातल्या विदूषकासारखा हात उडवतो आहे, आणि बाई सौजन्याने दुसरीकडे बघते आहे. नातीला तो रोज सुनावायचा, “दुपटीने पळवून बघतेस? अगं, घास चावायला वेळ लागतो, कथेला नाही का लागत?”

चित्र पळत पळत संपलं. नावं वर सरकली, त्यात त्याचंही होतं, मग पांढरे ठिपके, करकर. त्याने बोट उचललं. टेप आपल्या गतीने चालू झाली आणि करकरीतून एकदम, अर्ध्या शब्दावर, एक आवाज वर आला. भरदार, किंचित फाटलेला, खालून वर चढत जाणारा. एक म्हातारा उभा होता, हातात काही नाही, मागे साधा पडदा. तो गाता गाता थांबला, पुढे वाकला आणि बोलू लागला, “देव कुठे भेटतो म्हणून मला विचारतोस. मी सांगितलं, तर म्हणतोस, नको बुवा, तिकडे चढ आहे!” आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतःच हसला, मग न दिसणारी माणसं हसली, आणि हसू विरायच्या आत तो पुन्हा गाण्यात शिरला, दरवाजा न वाजवता स्वतःच्या घरात शिरावं तसा. बाईने पेन खाली ठेवलं. “अगं बाई! हे कोण?” ती पुढे सरकून बसली. तिचं तोंड किंचित उघडं होतं. दोन मिनिटं, जेमतेम. मग पुन्हा अर्ध्या शब्दावर सगळं काळं झालं. “काका, हे काय होतं? हे किती छान आहे! असं आता कुठे बघायला मिळतं?”

हे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. रविवारी सकाळी गाऊन निरूपण करणारा म्हातारा. तेव्हा टेपा कमी, पैसा त्याहून कमी. कार्यक्रम एकदा दाखवला की टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरा घ्यायचा, असा रिवाज. पण पुसलं जायचं ते नव्या कार्यक्रमाच्या लांबीपुरतंच. शेपटाला जुन्याचा तुकडा तसाच राहून जायचा. नावाड्याच्या वेळी भांडारात कोरी टेप नव्हती. भांडारपाल म्हणाला होता, “दोन आहेत. एकीवर कुस्त्या आहेत, एकीवर म्हातारा. कोणती देऊ?” संकलक म्हणाला होता, “म्हातारा दे. त्यात काय आहे, नुसता उभा राहून गातो. एकही काप नाही.” आणि घरी बायको रविवारी सकाळी ओले केस पाठीवर सोडून संचासमोर जमिनीवर बसायची, तो गाऊ लागला की तिचा पाय आपोआप हलायचा. हातातलं काम हातात राहायचं. तिने एकदा विचारलं होतं, लग्नानंतर तिने मागितलेल्या तीन-चार गोष्टींपैकी ती एक. “अहो, यांची एखादी टेप ठेवता येईल का हो? मला नको. अशीच, कुठेतरी असू दे.” तो म्हणाला होता, “ते सरकारी भांडार आहे, तुझं फडताळ नाही.” ती हसली होती. तीसुद्धा सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

बाई कामाची पक्की. तिने दोन्ही बाजू मांडल्या. “असं करू काका. ती अकरा सेकंदांची शांतता मुद्दाम असेल, तर पूर्ण टेपची प्रत काढते, शेपटासकट. बिघाड असेल, तर नावाडी बाद, आणि फक्त शेवटची दोन मिनिटं वेगळी करून ठेवते. तुम्ही तेव्हा होतात, तुम्ही म्हणाल ते लिहिते. यादी उद्या सकाळी दहाला वर जाते.” तो म्हणाला, “उद्या सकाळी सांगतो.” ती जरा बुचकळ्यात पडली. आवाज गेला की नाही, यात रात्रभर विचार करण्यासारखं काय आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. पण ती “चालेल” म्हणाली.

तो चालतच घरी निघाला. वाटेत संच विकणाऱ्या दुकानाच्या काचेत वीसेक पडदे एकच कार्यक्रम दाखवत होते. कुठलीशी स्वयंपाकाची स्पर्धा. एरवी तो तोंड फिरवून जायचा, वर दुकानदाराला ऐकू जाईल असं पुटपुटायचा. आज उभा राहिला. एक बाई भांड्याचं झाकण उचलत होती, आतलं काय झालंय ते तिलाच माहीत नव्हतं. तिचा चेहरा, परीक्षकाची बोटं, तिच्या आईचा चेहरा, वाफ, पुन्हा ती. त्याने चूक शोधली. काप कुठे लवकर पडतोय, कुठे उशिरा. त्याला काही मिळेना. कापणाऱ्याचा हात सफाईदार होता, आणि नुसता सफाईदार नाही, त्या हाताला माया होती. त्याने त्या बाईची भीती नेमकी हवी तेवढी ठेवली होती. झाकण उचललं गेलं तेव्हा फुटपाथवर उभ्या असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने श्वास धरला होता. कोण असेल तो? कुठल्या तरी खोलीत पाठ दुखेपर्यंत बसलेला, नाव वाचता येणार नाही इतक्या वेगाने ज्याचं नाव जातं, असा कोणीतरी. संकलकाला त्याचा राग आला. मग रागही टिकला नाही.

घरी जावई सोफ्यावर पाय पसरून बातम्या बघत होता. चार चौकटींत चार माणसं एकदम ओरडत होती. सासऱ्याला बघून त्याने आवाज कमी केला. “या बाबा. आज तुमच्या सोन्याच्या खाणीत गेला होतात ना? काय म्हणतं सोनं?” जावई मनाचा चांगला होता, थट्टेत त्याचा जीव होता. यावर सासरा नेहमीचं निरूपण सुरू करणार, आमच्या वेळी एकेका चित्रासाठी, वगैरे, आणि मग जावई त्याचं ठरलेलं वाक्य टाकणार, हे दोघांनाही पाठ होतं. आज सासरा नुसताच चपला काढू लागला, म्हणून जावयाने ते तसंच टाकलं. “तुमच्या वेळी एकच वाहिनी होती हो बाबा. एकुलता एक मुलगा वर्गात पहिलाच येणार!” संकलक म्हणाला, “बरोबर आहे.” जावयाने वळून बघितलं. वीस वर्षांत हे उत्तर त्याला मिळालं नव्हतं. त्याने उठून संच बंदच केला. “बरं वाटत नाहीये का बाबा? पाणी देऊ?”

आतल्या खोलीत लेक पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. एकोणपन्नास वर्षांची. पाठमोरी असली की हुबेहूब आईसारखी दिसायची, म्हणून तो तिच्याशी बोलताना शक्यतो समोर येऊन बोलायचा. आज दारातच उभा राहिला. “तो कार्यक्रम सापडला,” तो म्हणाला. कोणता, हे तिने विचारलं नाही. तिचे हात क्षणभर चादरीवर थांबले आणि पुन्हा चालू लागले. “मग? कसा आहे?” तिने विचारलं. हा प्रश्न तिने एक्केचाळीस वर्षांत विचारला नव्हता, आणि याच एका प्रश्नासाठी तो एक्केचाळीस वर्षं उत्तर घोकत आला होता. आताचं सगळं कचरा आहे असं जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर तो म्हणत आला, त्याचा अर्थ फक्त एवढाच होता, की तेव्हाचं सोनं होतं. आणि तेव्हाचं सोनं असलं, तर एका माणसाने त्याच्यासाठी अर्धा तास थांबणं अगदीच पाप नव्हतं. आता बोलायची वेळ आली आणि त्याच्या तोंडून खरं निघून गेलं. “साधारण आहे गं,” तो म्हणाला. “कंटाळवाणा आहे. मी पळवून बघितला.”

लेक पलंगाच्या कडेवर बसली. तिने एक उशीचा अभ्रा मांडीवर घेतला आणि त्याचे कोपरे जुळवत राहिली. “मी बघितला होता तो, बाबा. त्याच दिवशी. दवाखान्याच्या व्हरांड्यात संच होता ना, वर टांगलेला. वहिनीकाकू आत आईजवळ होत्या, मला बाकावर बसवलं होतं. म्हणाल्या, तुझ्या बाबांचा कार्यक्रम आहे, बघ, तोवर ते येतीलच.” तो दाराची चौकट धरून उभा होता. “मला काही कळत नव्हतं. होडी, पाणी. मग तो माणूस मध्येच बोलायचा थांबला. सगळे वर बघायला लागले. तिथला एक मामा उठला, त्याने संचावर दोन थापा मारल्या. म्हणाला, गेला वाटतं, बिघडला.” तिचा आवाज अगदी सपाट होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. “मला इतका आनंद झाला, बाबा. मला वाटलं, बिघडला म्हणजे कार्यक्रम संपला. कार्यक्रम संपला म्हणजे आता बाबा निघाले. मी चप्पलसुद्धा घातली. मग तो माणूस म्हणाला, काही नाही. आणि पुढे चालू झाला.”

बाहेरच्या खोलीत जावई कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होता. संकलकाला वाटलं, आता सांगावं, की तेव्हा मी मोकळा होतो, काचेपाशी उभा होतो, तू चप्पल घालत होतीस तेव्हा मी तेच अकरा सेकंद बघत होतो. पण लेकीने अभ्र्याची घडी केली होती, ती इतरांवर ठेवली होती, आणि आता ती उठून कपाट उघडत होती. तिने त्याला रागाने काही सांगितलं नव्हतं. रागाने सांगितलं असतं तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. “जेवायला चला,” ती म्हणाली. “गार होतंय.” तो जेवला. जावयाने दोन विनोद केले, एकाला तो हसलाही.

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना त्याने संग्रहात फोन लावला. “लिहा,” तो म्हणाला. “आवाज गेलाय.” बाईने लिहिलं, तिच्या पेनाची कुरकुर त्याला ऐकू आली. “म्हणजे नावाडी बाद. शेवटची दोन मिनिटं ठेवते. फार बरं झालं काका, नाहीतर तेही गेलं असतं. त्या गाणाऱ्या आजोबांचं नाव आठवतं का?” नाव त्याला आठवत नव्हतं. बायकोला ते माहीत होतं. “नाही,” तो म्हणाला. “बरं. नोंदीत बाकीची नावं हवीत. कॅमेरा कोणाचा, माहीत नाही लिहिते. संकलक म्हणून तुमचं टाकू का?” “नको. ते मी कापलेलं नाही.” मग त्याने विचारलं, “पुसलं कोणी, त्याला रकाना आहे का तुमच्या कागदावर?” बाई मनापासून हसली. तिला वाटलं, काकांनी थट्टा केली. “असा रकाना ठेवला तर कागद पुरायचा नाही हो, काका!” तिने पलीकडे कोणालातरी हाक मारून पेटी न्यायला सांगितली, आणि पुन्हा फोनवर आली. “तुमच्या नावाच्या अजून सव्वीस टेपा आहेत. उद्या येता का? एकेक बघून टाकू.” तो म्हणाला, “येतो.”